पळ्ळिकरणैच्या काठावर किती मिलिमीटर?

उत्साही : मिररलेस कॅमेऱ्यासाठी टेलिफोटो झूम घ्यायची तर ती ६०० मिलिमीटरपर्यंत पोचणारीच घ्यावी, असं माझं मत आहे आणि ते चेन्नईत राहूनच पक्कं झालं. पळ्ळिकरणैच्या दलदलीचं उदाहरण घ्या. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की रोहित, शेकाटे, शराटी, झोळीवाले, सगळे दिसतात. पण ते असतात आत, उथळ पाण्यात, आणि आपण असतो कुंपणाच्या अलीकडे. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात नावाडी होडी वल्हवत आपल्याला रोहितांच्या बऱ्यापैकी जवळ नेतो. इथं होडी नाही आणि नसावीच. ही जागा २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली आहे. म्हणजे आपल्या पायांनी कापता न येणारं अंतर काचेनं कापायचं. डीएसएलआरच्या काळात अशा काचेचे सामान्य माणसाच्या आवाक्यातले पर्याय थोडे होते. एफ/५.६ पेक्षा अंधाऱ्या लेन्सवर बऱ्याच कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस अडखळायचा, त्यामुळे लांब पल्ल्याच्या बहुतेक लेन्स मोठ्या तोंडाच्या असत. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होतो, तो एफ/८ काय, एफ/११ लाही चालतो. मग २०१९ मध्ये सोनीची २००-६००, २०२३ मध्ये निकॉनची १८०-६०० आणि त्याच वर्षी कॅननची २००-८०० अशा लेन्स आल्या. पक्षी पाहणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला इतकी चांगली वेळ पूर्वी कधी आली नव्हती.

साशंक : फोकस होतो हे खरं, पण फोकस झाला म्हणजे प्रकाश आला असं नाही. पळ्ळिकरणैला पक्ष्यांची सगळ्यात जास्त हालचाल असते ती पहाटेच्या पहिल्या तासात. त्या वेळी उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० ठेवलं आणि लेन्स एफ/६.३ वर असली की आयएसओ ६४०० च्या आसपास जातो. त्याच ठिकाणी एफ/४ ची लेन्स असती तर तो २५०० च्या घरात राहिला असता. कॅननची २००-८०० तर शेवटच्या टोकाला एफ/९ होते, म्हणजे एफ/६.३ पेक्षाही एक स्टॉप खाली. तुम्ही जिला आवाक्यात आलेली काच म्हणता, ती आवाक्यात आली कारण तिच्यातून प्रकाश कमी केला गेला. डबीवर मोठ्या अक्षरांत ८०० लिहिलेलं असतं आणि लहान अक्षरांत ६.३-९. लोक मोठी अक्षरं वाचून पैसे मोजतात. अकराच्या उन्हात या लेन्सला प्रकाश पुरेल यात शंका नाही, पण त्या वेळी पक्षी पंखात चोच खुपसून उभे असतात. मी तुम्हाला एवढंच विचारते : ज्या तासासाठी ही लेन्स घ्यायची, त्याच तासात ती सगळ्यात अपुरी पडत असेल, तर लांब पल्ल्याचं कौतुक किती करायचं?

उत्साही : तुमचा आक्षेप एफ-आकड्यावर उभा आहे, आणि लांब लेन्सच्या बाबतीत तो आकडा एकटा पाहिला तर दिशाभूल करतो. एफ-आकडा सांगतो सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर किती प्रकाश पडला. पण मला हवा आहे त्या एका खंड्याकडून आलेला प्रकाश. तो ठरतो लेन्सच्या प्रवेशछिद्राच्या व्यासावर, आणि तो व्यास म्हणजे फोकल लेंग्थ भागिले एफ-आकडा. आता हिशेब करू. २०० ला एफ/२.८ म्हणजे ७१ मिलिमीटर. ४०० ला एफ/५.६, पुन्हा ७१. कॅननची १००-५०० शेवटी एफ/७.१ होते, तिचा व्यास ७०. म्हणजे स्टुडिओवाल्यांची लाडकी ७०-२००, पक्षीवाल्यांची १००-४०० आणि ही १००-५००, तिघींचं तोंड एकाच मापाचं आहे. आणि ६०० ला एफ/६.३? ९५ मिलिमीटर. कॅननची ८०० एफ/९ सुद्धा ८९ वर पोचते. त्याच जागेवरून त्याच पक्ष्याचा फोटो घेताना ९५ मिलिमीटरची लेन्स ७१ वालीच्या जवळजवळ पावणेदोन पट प्रकाश गोळा करते. ज्या लेन्सला तुम्ही अंधारी म्हणता, ती दूरच्या पक्ष्यासाठी १००-४०० पेक्षा उजेडाची आहे. शिवाय इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर मंद प्रकाशात दृश्य उजळून दाखवतो आणि उरलेला नॉइज आजची सॉफ्टवेअरं बऱ्यापैकी निस्तरतात.

साशंक : हिशेब मला पटला, आणि तो पुढे नेला की माझीच बाजू बळकट होते. व्यास मोठा म्हणजे काच मोठी, काच मोठी म्हणजे वजन. ट्रायपॉडची कडी निघत असेल तिथं ती सोडून वजनं पाहा. सोनीची ७०-२०० एफ/२.८, दुसरी आवृत्ती, १०४५ ग्रॅम. सोनीची १००-४०० साधारण १३९५ आणि कॅननची १००-५०० साधारण १३७०. हे झालं सत्तर-एकाहत्तर मिलिमीटरचं कुटुंब, एक ते दीड किलोच्या आतलं. तुमच्या मोठ्या तोंडाच्या लेन्स पाहा : निकॉनची १८०-६०० १९५५ ग्रॅम, कॅननची २००-८०० २०५०, सोनीची २००-६०० २११५. सगळ्या दोन किलोच्या आसपास. आणि दीडशे मिलिमीटर व्यासाची सोनीची ६०० एफ/४ तीन किलो चाळीस ग्रॅम, किंमत दहा लाखांच्या पुढे. कोणत्याही कंपनीनं या नियमातून सुटका करून घेतलेली नाही. म्हणजे ग्राहक खरोखर विकत घेतो तो व्यास. तो लांबीवर खर्च करायचा की उजेडावर, एवढंच कंपनी आधी ठरवून देते. मग मी माझ्या मनगटाला विचारणार. कॅमेरा धरून पावणेतीन किलो वजन डोळ्यापाशी उचलून थव्याच्या वळणाची वाट पाहायची, तीही दमट हवेत, घामानं हात निसटत असताना. पाच मिनिटांनी हात खाली येतो आणि थवा नेमका त्यानंतर उठतो. ४०० नं काढून क्रॉप केला तर काय बिघडतं? ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ४०० चा फोटो ६०० एवढा कापला तरी वीस मेगापिक्सेल उरतात.

उत्साही : ४५ मेगापिक्सेलची बॉडी ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी उरतात. बहुतेकांकडे २४ ची असते. तिथं ४०० चा फोटो ६०० एवढा कापला की पावणेअकरा हाती लागतात, आणि पक्षी मुळातच लहान असेल तर पुन्हा कापावं लागतं. क्रॉपनं आणखी एक गोष्ट सुटते. कॅमेऱ्याचा पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस फोटो काढण्याच्या क्षणी काम करतो. त्या क्षणी तुतवार फ्रेममध्ये ठिपक्याएवढा असेल, तर कॅमेरा डोळा शोधण्याऐवजी मागचं गवत पकडतो. घरी येऊन कापलेल्या फोटोत ते गवत सुरेख आणि पक्षी धूसर. ही चूक कोणतंही सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही. वजनाचं म्हणाल तर मोनोपॉड आहे. सोनी आणि निकॉनच्या या दोन्ही लेन्स झूम करताना बाहेर येत नाहीत, सगळी हालचाल नळीच्या आत होते. त्यामुळे २०० वरून ६०० वर जाताना तोल ढळत नाही, मोनोपॉडवरची पकड बदलावी लागत नाही. बाहेर सरकणारी १००-४०० पिशवीत आखूड दिसते, पण वापरताना तिचं वजन पुढं सरकतं आणि ते दर वेळी सावरावं लागतं.

साशंक : आतल्या आत फिरणाऱ्या झूमचा गुण मी मान्य करते, आणि चेन्नईत तो तोलापेक्षा दुसऱ्या कारणानं मोठा आहे. बाहेर सरकणारी लेन्स दर वेळी हवा आत ओढते आणि बाहेर टाकते. इथली हवा समुद्राची, मीठ आणि बाष्प दोन्ही घेऊन येणारी. एसीच्या खोलीतून पहाटे लेन्स बाहेर काढली की काचेवर लगेच धुकं धरतं. पिशवी बंद ठेवून तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावं लागतं. पावसाळ्यात, म्हणजे इथल्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात, लेन्स कपाटात पडून राहिली तर बुरशीचे धागे आतल्या काचेवर पसरतात. चाळीस-पन्नास टक्के आर्द्रतेवर ठेवणारं ड्राय कॅबिनेट हा या शहरात लेन्सच्या किमतीचाच भाग समजला पाहिजे. कॅननची १००-४०० एफ/५.६-८ केवळ ६३५ ग्रॅमची आहे, मनगटाला वरदान. पण तिला पाणी-धूळ रोखणारी सीलबंदी नाही. हे झालं काचेच्या आतलं. काचेच्या बाहेरची हवा त्याहून अवघड. सकाळी नऊ-दहा वाजले की डांबरी रस्ता आणि चिखल तापतात, हवा थरथरू लागते आणि दूरचा रोहित पाण्यावर वितळल्यासारखा दिसतो. तिथं १/४००० शटर लावा, उत्तम स्टॅबिलायझेशन लावा, थरथर तशीच राहते, कारण ती हवेत आहे. ६०० मिलिमीटर ती थरथर मोठी करून दाखवते. त्या हवेत ४०० चा क्रॉप आणि ६०० चा पूर्ण फोटो यांत फरक उरत नाही. तुमच्या जादाच्या दोनशे मिलिमीटरची किंमत सूर्य वर येईल तशी उतरत जाते.

उत्साही : थरथरत्या हवेचा मुद्दा निर्विवाद आहे. तो मला सांगतो की लवकर जा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. नेमका तोच स्थलांतरित पक्ष्यांचा काळ आहे, सकाळी हवा त्यातल्या त्यात शांत असते. म्हणजे चांगले तास थोडे आहेत. ते थोडे असतील तर त्या तासांत हाती सर्वांत सक्षम साधन हवं, असं मी म्हणेन. आणि मला काळजी वाटते ती आणखी एका गोष्टीची. लेन्स अपुरी पडली की माणूस पाय पुढं टाकतो. चिखलात उतरतो, कमळपक्ष्याच्या घरट्याकडे सरकतो, झुडपात वाकून बसतो. घरट्यावरून उठलेला पक्षी परत येईपर्यंत अंडी उन्हात उघडी राहतात. लांब लेन्स माणसाला रस्त्यावर थांबवते. पक्ष्याला आपलं अस्तित्व कळू न देता त्याचं वागणं टिपता येणं, हे मला उजेड, वजन, किंमत या सगळ्यांपेक्षा मोठं वाटतं. एखाद्या साधनामुळे सभ्य राहणं सोपं होत असेल, तर दोन किलो उचलायला माझी हरकत नाही.

साशंक : सभ्यता लेन्समधून येत नाही. ६०० वाला माणूसही फ्रेम भरायला पुढं सरकतो. फक्त त्याची फ्रेम आता डोळ्यातल्या बाहुलीची असते. इथं मला याच शहराचे निसर्गलेखक एम. कृष्णन आठवतात. १९५० ते १९९६ अशी सलग ‘द स्टेट्समन’मध्ये ‘कंट्री नोटबुक’ हे सदर लिहिणारा हा माणूस कृष्णधवल फिल्मवर हत्तींचे, गव्यांचे फोटो काढत असे. प्राण्याची सवय, वाऱ्याची दिशा, त्याच्या येण्याजाण्याची वेळ ठाऊक असली की अंतर ज्ञानानं कमी होतं. आणि दुसरं : तुमची झूम २०० पासून सुरू होते. पळ्ळिकरणैची गोष्ट एका रोहिताच्या चोचीत नाही. ती आहे पेरुंगुडीच्या कचऱ्याच्या डोंगरात, दलदल चिरत गेलेल्या रस्त्यात, काठावर उभ्या राहिलेल्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत आणि त्या सगळ्याच्या मध्ये तग धरून असलेल्या पाण्यात. एके काळच्या या विस्तीर्ण दलदलीचा थोडासाच भाग आज उरला आहे. ६०० नं काढलेल्या फोटोत मागचं सगळं मऊ हिरवं-निळं होऊन जातं आणि बघणाऱ्याला वाटतं, चेन्नईत सारं आलबेल आहे. १०० पासून सुरू होणारी झूम मला मागं जाऊ देते, पक्षी आणि त्याचं संकट एका चौकटीत घेऊ देते. टॅमरॉनची ५०-४०० तर ११५५ ग्रॅममध्ये पन्नासपर्यंत खाली येते. लांब टोकाची चर्चा सगळे करतात. आखूड टोकाला आपण काय गमावतो ते कुणी विचारत नाही.

उत्साही : कृष्णन यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांना जंगलात हत्तीच्या पाठीवरून फिरता येत होतं; आपल्याला कुंपणाशी उभं राहायचं आहे. आखूड टोकाचं तुमचं म्हणणं मात्र मला विचारात पाडतं. तरीही एक सांगतो : लांब लेन्सही जागा दाखवू शकते, आणि वेगळ्या ताकदीनं दाखवते. खूप दूर उभं राहून ६०० नं रोहितांच्या थव्यामागं इमारत घेतली, तर ती थव्याच्या डोक्यावर येऊन उभी राहिल्यासारखी दिसते. अंतराची ही जवळीक डोळ्याला जाणवत नाही, फोटोत जाणवते. अॅपर्चर थोडं बंद केलं की इमारतीच्या खिडक्याही ओळखता येतात. म्हणजे पार्श्वभूमी पुसून टाकणं हा लेन्सचा गुणधर्म असला, तरी ती सक्ती नाही. तसं न करणं छायाचित्रकाराच्या हातात आहे.

साशंक : आहे, आणि तसं करणारे थोडे आहेत, कारण पुसलेल्या पार्श्वभूमीला टाळ्या मिळतात. पण आपण जागा बदलून पाहू. वेडंतांगलला चला, इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. तिथल्या गावकऱ्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कलेक्टर लायोनेल प्लेस यांच्याकडून तळ्याच्या रक्षणाचा कौल मिळवला होता, कारण विष्ठेनं कसदार झालेलं ते पाणी शेतीला सोनं होतं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं बांधावर उभी राहत आली आहेत आणि पक्ष्यांना त्याची सवय आहे. पाण्यातल्या झाडांवर चित्रबलाक, चमचे, उघड्या चोचीचे बलाक दाटीनं बसतात, आणि काही झाडं बांधापासून फार दूर नाहीत. तिथं ६०० लावली तर घरट्याचा अर्धा भाग कापला जातो. २०० ते ४०० मध्ये आई, पिल्लं आणि फांदी एकत्र येतात. आता डिसेंबर-जानेवारीच्या मार्गळी संगीत-नृत्य हंगामात एखाद्या सभागृहात या. परवानगी घेऊन भरतनाट्यमचे फोटो काढायचे आहेत. मिररलेसचं निःशब्द शटर तिथं देणगीच आहे, जरी काही एलईडी दिव्यांखाली त्यामुळे फोटोत पट्टे उमटतात. ७०-२०० एफ/२.८ नं आयएसओ ३२०० वर जो फोटो निघतो, त्याला एफ/६.३ वर १६००० लागतात. नर्तकी पक्ष्यासारखी दूर नसते, त्यामुळे तुमचा व्यासाचा हिशेब तिथं कामाला येत नाही. एकाच शहरात राहून, एकाच महिन्यात, तीन ठिकाणी तीन वेगळी उत्तरं निघतात. ‘६०० पर्यंत पोचणारीच’ यातला ‘च’ मला म्हणून खटकतो.

उत्साही : तो ‘च’ मी मागं घेतो, पण पूर्ण नाही. सभागृहात माझी लेन्स निकामी आहे हे मान्य. वेडंतांगलला १००-४०० पुरेशी आहे हेही मान्य. पण ज्याला एकच लेन्स घ्यायची आहे आणि ज्याचं मन दूरच्या पक्ष्यांत आहे, त्यानं ७१ मिलिमीटरवर समाधान मानावं हे मला मान्य नाही. उरतो पैशाचा प्रश्न, आणि तिथं माउंटही पाहावा लागतो. सोनीच्या बॉडीला सिग्मा आणि टॅमरॉनच्या स्वस्त झूम लागतात, पण त्या सेकंदाला पंधरा फ्रेमच्या पुढं जात नाहीत आणि टेलीकन्व्हर्टर घेत नाहीत. कॅननच्या फुलफ्रेम आरएफ माउंटवर ऑटोफोकसवाल्या लांब झूमसाठी कॅननच्याच दारात जावं लागतं. आणि टेलीकन्व्हर्टरवर भरवसा ठेवणाऱ्यांना सांगतो : १.४ पटीचा एक स्टॉप खातो. १००-४०० ला तो लावून ५६० एफ/८ मिळते खरी, पण तोंडाचा व्यास ७१ चाच राहतो. प्रकाश कुठूनही उसना आणता येत नाही.

साशंक : म्हणजे आपण दोघं एका ठिकाणी पोचलो : व्यास विकत मिळतो, बाकी सगळं त्याची वाटणी आहे. तरीही मतभेद संपत नाही, आणि आता तो कुठं आहे ते मला नीट दिसतं. तुम्ही विचारता, पक्ष्याकडून किती प्रकाश आणता येईल? मी विचारते, त्या प्रकाशाबरोबर त्याची जागा आली का, आणि तो आणायला माझा हात, माझा खिसा आणि इथली हवा राजी आहे का? पहिल्या प्रश्नाला आकड्यात उत्तर आहे. दुसऱ्याला नाही. ते प्रत्येकाच्या शरीरावर, गावावर आणि कशाबद्दल सांगायचं आहे त्यावर अवलंबून आहे. तुमची २००-६०० चुकीची नाही. पण ती घेणाऱ्यानं आधी ठरवलं पाहिजे की त्याला पळ्ळिकरणैतला पक्षी हवा आहे की पळ्ळिकरणै.

उत्साही : मला दोन्ही हवी आहेत, आणि दोन किलोच्या एका नळीत ती मावत नाहीत हे आज मान्य करतो. तरी वाचकाला माझा सल्ला ठाम आहे. दुकानात जाण्याआधी तुमचे मागच्या वर्षभराचे फोटो उघडा आणि दोन गोष्टी पाहा : झूमच्या शेवटच्या टोकावर किती निघाले, आणि सकाळी किती वाजता निघाले. त्यानंतर मनात असलेली लेन्स एका दिवसासाठी भाड्यानं घ्या आणि हिवाळ्यातल्या पहाटे पळ्ळिकरणैच्या रस्त्यावर सूर्योदयापासून दहापर्यंत उभे राहा. हात किती वेळ टिकला, हवा किती वाजता थरथरली आणि आखूड टोक किती वेळा कमी पडलं, हे त्या चार तासांत कळेल. डबीवरचा आकडा त्यानंतर वाचा.